चिमटेवाला किडा आणि कानाची भीति

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी हें बालाघाटच्या पठारावरचें गांव. तेथें दोनतीन पाऊस चांगले झाले, कीं जुन्या दगडमातीच्या घरांत न्हाणीच्या फरशीखालून किंवा ओल्या पोत्याच्या घडींतून एक चपटा, तपकिरी किडा सरकन् बाहेर पडतो. 'गोम, गोम' म्हणून मुलें ओरडतात, आणि वडील माणसें त्यांस कानांत कापूस घालून निजावयास सांगतात.

वस्तुतः ही गोम नव्हे. गोमेस पायांच्या निदान पंधरा जोड्या असतात, व तिचा दंश विषारी असतो. या किड्यास पाय सहाच. लांबी बहुधा बोटाच्या पेराएवढी. आणि शेपटाशीं पकडीसारखा दुपाती चिमटा. चिमटा कमानदार असल्यास नर, सरळ असल्यास मादी, असें बहुतेक जातींत समजावें. इंग्रजींत यास 'इअरविग' म्हणतात, व त्या नांवांतही कान आहेच! एकच भीति दोन देशांनीं दोन निरनिराळ्या प्राण्यांवर लादली आहे. कानांत बिऱ्हाड करण्याची या किड्यास मुळींच हौस नसते. त्यास विष नाहीं. चिमटा बसलाच, तर क्षणभर टोचतें इतकेंच.

खरा अपाय होतो तो घाबरेपणानें. झोपेंत कानांत वळवळ वाटली, कीं केसांचा आंकडा किंवा काडी घालून कोरण्याची घाई होते, आणि तिनें कानाचा पडदा फाटूं शकतो. किडा कोणताही असो, कान कोरूं नये, डॉक्टरांकडे जावें.

या किड्याची मादी मोठी वत्सल असते. मातींतील बिळांत घातलेल्या अंड्यांवर ती दिवसेंदिवस राखण करते, व बुरशी चढूं नये म्हणून त्यांस चाटून स्वच्छ ठेवते. कीटकांच्या जगांत हें दृश्य विरळा.

किडा घरांत येतो तो ओलीच्या व आडोशाच्या शोधांत. म्हणून कडब्याची गंजी, सरपण व कुजका पाला भिंतीपासून दूर असावा, मोरीचें पाणी जोत्याशीं मुरूं नये, आणि भेगा बुजवाव्यात. एवढ्यानें न भागल्यास ओलसर वर्तमानपत्राची सैल गुंडाळी सायंकाळीं भिंतीशीं ठेवावी. रात्रीं हिंडून किडे पहांटे तींत दडतात. सकाळीं ती साबणाच्या पाण्यांत झटकावी. धान्याच्या खोलींत विषारी औषध फवारणें हा मात्र रोगाहून उपाय भयंकर असा प्रकार होय. बागेंतील किड्यांस सहसा हात लावूं नये. ते कोंवळीं पानें व फुलांच्या पाकळ्या थोड्याफार कुरतडतात हें खरें. परंतु मावा व इतर कीटकांचीं अंडींही तेच खातात.