कामावरचे पाणी, खाचरातला गाळ आणि काही शब्द

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी वैशाखरे हे गाव आहे. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी २२२ होता, आता तो ६१ आहे. गावाच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी अडीच हजार मिलीमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डोंगर जवळ येत जातो तसे पावसाचे मानही वाढत जाते.

येथील जमिनीची ठेवण शेतकऱ्यांना सांगावयास नको. वर जंगल किंवा माळ, त्याखाली नाचणी-वरईची वरकस जमीन, आणि तळाशी बांध घालून सपाट केलेली भाताची खाचरे. डोंगरावरचे पाणी ओहोळाओहोळांनी उतरते, एका खाचरातून दुसऱ्यात जाते आणि अखेर उल्हास नदीच्या खोऱ्यात मिळते. पिढ्यान् पिढ्या बसलेली ही घडी मध्येच एखादे बांधकाम आले की विस्कटते. मग तो रस्ता असो, शाळेची खोली असो, घरकुलांची रांग असो किंवा शहरवाल्यांच्या बंगल्यांसाठी पाडलेले भूखंड असोत. डोंगर कापून सपाटी करावी लागते, कापलेली माती कोठेतरी टाकावी लागते, आणि त्या मातीवर पहिला पाऊस पडतो.

तो पाऊस काय करतो हे एका साध्या हिशेबाने पाहावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एक हेक्टर जागा उघडी केली आणि तासाभरात ५० मिलीमीटर पाऊस झाला, तर तेथे ५ लाख लिटर पाणी पडले. झाडोऱ्याखालच्या भुसभुशीत जमिनीत त्यातील बराच भाग मुरतो. परंतु यंत्राने दाबलेल्या मुरमावर मुरण्यास वाव नसतो. शंभरातील सत्तर भाग वाहून जातात असे धरले तरी सेकंदाला सुमारे ९७ लिटर पाणी त्या जागेतून बाहेर पडू पाहते. ३०० मिलीमीटर व्यासाची सिमेंटची नळी, शंभर मीटरला एक मीटर असा ढाळ देऊन बसविली, तर पूर्ण भरून जवळजवळ एवढेच पाणी नेते. तीत थोडा गाळ बसला किंवा पालापाचोळा अडकला, की उरलेले पाणी आपली वाट स्वतः काढते. ती वाट बहुधा खालच्या खाचराच्या बांधावरून जाते.

पाण्याचा वेग वाढला की त्याचे बळ त्याच प्रमाणात वाढते असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः वेग दुप्पट झाल्यास बळ चौपट होते, आणि जो दगड पाणी ढकलू शकते त्याचे वजन तर ६४ पटीपर्यंत जाते. म्हणूनच ओहोळातील जे गोटे वर्षभर जागचे हलत नाहीत, ते एका रात्रीच्या पावसात शेतात येऊन पडलेले दिसतात.

शब्दांची गल्लत

कामाच्या नकाशावर आणि अंदाजपत्रकात जे शब्द असतात ते एका भाषेचे, आणि गावात जे बोलले जातात ते दुसऱ्या भाषेचे. दोन्हींचा मेळ न बसल्याने होणारे नुकसान मात्र एकाच खाचरात होते. ग्रामसेवकाने व कृषी सहायकाने या दोन्ही भाषा जाणून घेणे इष्ट आहे.

सर्वांत मोठी गल्लत ‘ओहोळ’ या शब्दावर होते. मोजणी बहुधा हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात होते. त्या वेळी ओहोळ म्हणजे दगडगोटे पडलेली एक कोरडी खोलगट जागा असते. नकाशावर तिची नोंद झाली नाही, तर काम करणाऱ्याच्या लेखी ती भराव टाकण्यास सोयीची अशी एक पडीक जागा ठरते. आषाढात तेथून कमरेएवढे पाणी वाहते हे केवळ गावकऱ्यांनाच ठाऊक असते, आणि नेमके त्यांनाच कोणी विचारलेले नसते. म्हणून मोजणीची माणसे आली असता गावातील एक-दोन वृद्ध शेतकऱ्यांना बरोबर देऊन प्रत्येक ओहोळ, घळ आणि पाझराची जागा त्यांना दाखवावी. मागील मोठ्या पावसात पाणी कोठवर चढले होते याची खूण झाडावर किंवा दगडावर असल्यास तीही दाखवावी. तज्ज्ञाच्या कोष्टकाइतकेच या खुणेला मोल आहे.

‘मोरी’ आणि ‘फरशी’ यांतही भेद आहे. मोरीमध्ये पाणी रस्त्याच्या पोटातून जाते. फरशीवर ते रस्त्याच्या पाठीवरून जाते. मोरीला नळी लहान बसविली तर रस्ता हाच बंधारा होतो, वरच्या बाजूस पाणी तुंबते आणि अखेरीस भराव फोडून एकदम सुटते. मोरीची नळी पाणी जाण्यापुरती असून भागत नाही. माणसाला आत शिरून गाळ काढता यावा एवढी ती असावयास हवी. मोरीचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा उंच राहिला तर वर गाळ साचतो, आणि मोरीचे खालचे तोंड अधांतरी राहिले तर पाण्याच्या धारेने खाली डोह पडतो व मोरीच खचते. यासाठी खालच्या तोंडाशी दगड बसवून फरसबंदी करतात. अभियंते तिला ‘एप्रन’ म्हणतात. अंदाजपत्रकात हा शब्द असूनही कामावर दगड दिसत नसतील, तर विचारणा करण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे.

रस्त्याकडेची ‘नाली’ किंवा ‘गटार’ रस्त्यावरचे पाणी वाहून नेते. पण कापलेल्या डोंगराच्या माथ्यावर जो चर खणतात, त्याचे कार्य अगदी निराळे असते. वरून येणारे पाणी कापलेल्या उघड्या अंगावर येऊ न देता बाजूच्या नैसर्गिक ओहोळात नेऊन सोडणे हे त्याचे काम. त्याला कोणी ‘माथ्याचा चर’, कोणी ‘वळणाचा चर’ म्हणतात. कागदावर ‘कॅच वॉटर ड्रेन’ असे लिहिलेले आढळते. हा चर खर्चाला हलका आणि उपयोगाला सर्वांत भारी असतो. तरीही तो प्रथम वगळला जातो, कारण तो खालून जाणाऱ्याला दिसत नाही. समपातळीतील चर पाणी जागीच मुरवितो, तर हा चर किंचित ढाळ देऊन पाणी चालते ठेवतो. मृद्‌संधारणाच्या कामात मुरलेल्या मजुरांनी सवयीने तो समपातळीत खणला, तर डोंगराच्या माथ्यावर पाणी साठून कापलेला भाग ढासळण्याचा धोका उत्पन्न होतो. माळरानावर जे गुणकारी ते तेथे घातक ठरते.

‘धरभिंत’ बांधली म्हणजे माती अडली, हीसुद्धा अर्धवट समजूत होय. भिंतीमागील माती पाण्याने भरली की तिचा दाब फार वाढतो. भिंतीत ठेवलेली भोके हा दाब उतरविण्यासाठी असतात. गवंडी त्यांना ‘वीप होल’ म्हणतात. पाणी झिरपते म्हणून ती सिमेंटने बुजविलेली ठिकठिकाणी पाहावयास मिळतात. पाणी झिरपते तोवरच भिंत सुखरूप असते.

घाटाच्या पलीकडचा अनुभव

सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टी हे कारण तर होतेच. त्याबरोबर उतारावर केलेले सपाटीकरण आणि बदललेल्या निचऱ्याच्या वाटा यांचीही तज्ज्ञांत चर्चा झाली. पुढे गावासाठी नवी वसाहत उभारण्यात आली व २०१७ च्या एप्रिल महिन्यात घरे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जोरदार पाऊस होताच नव्या वसाहतीतील भराव व रस्ते काही ठिकाणी खचले. नवा भराव एक-दोन पावसाळे बसल्याखेरीज पक्का होत नाही. तोवर त्याच्या पाण्याची व्यवस्था घरांच्या भिंतींइतकीच महत्त्वाची असते.

याउलट नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या काळात कातळात खोदलेली पाण्याची टाकी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही पाहावयास मिळतात. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ती वाट होती. त्या वेळी खोदणाऱ्यांनी पाण्याची सोय वाटेबरोबरच केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गाळ जागीच अडविणे

काम चालू असताना माती सुटणारच. ती कामाच्या हद्दीतच थांबविण्याचे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. पाणी बाहेर पडण्याच्या जागी रुंदीच्या दुप्पट लांबीचा ‘गाळखड्डा’ खणावा. पाणी त्यात मंदावते व जड माती तळाशी बसते. खड्डा निम्मा भरला की उपसावा. पूर्ण भरलेला गाळखड्डा असून नसल्यासारखाच. घळीत ठराविक अंतरावर अनगड दगडांचे छोटे बांध घालावे. वरच्या बांधाचा पायथा आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत यावा, म्हणजे मधल्या भागात पाण्याला वेग घेण्यास वाव राहत नाही. ही पातळी पाहण्यास गवंड्याजवळची पाण्याची पारदर्शक नळी पुरेशी आहे. बांधाचा मध्य कडांपेक्षा खाली ठेवावा. तो सपाट ठेवल्यास पाणी कडेने घुसून काठ कापते.

उघड्या उतारावर काथ्याचे जाळे अंथरून त्यात गवत लावल्यास, जाळे कुजेपर्यंत गवताची मुळे माती धरतात. वाळ्याची रोपे समपातळीत ओळीने, जवळजवळ लावल्यास त्यांची सरळ खोल जाणारी मुळे आणि दाट थोंब मिळून जिवंत बांधच तयार होतो. मात्र लावणी पावसाच्या आरंभी व्हावी. श्रावणात लावलेल्या रोपांचे पुढे उन्हाळ्यात हाल होतात. खोदकामापूर्वी वरची वीतभर काळी माती निराळी काढून ठेवण्याची अट असल्यास तिच्याकडेही लक्ष असावे. नुसत्या मांजऱ्यावर काहीच उगवत नाही.

या कामांचा क्रम उलटा होतो, ही मुख्य अडचण आहे. आधी डोंगर कापला जातो, मग भराव, मग डांबर, आणि निचऱ्याची कामे ‘पावसाळ्यानंतर’ म्हणून ठेवली जातात. माथ्याचा चर आणि गाळखड्डा हे कापणीच्या आधीचे काम आहे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत ते झालेले नसेल, तर राबाच्या पेरणीपूर्वीच ग्रामपंचायतीने संबंधित विभागाला लेखी कळवून पोच घ्यावी.

एवढे करूनही माती खाचरात आलीच, तर पंचनाम्यातील शब्दांकडे बारकाईने पाहावे. आपत्तीत शेतात साचलेला गाळ काढण्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून जे साहाय्य मिळते, त्यासाठी थर ३ इंचांहून अधिक असल्याचे प्रमाणित व्हावे लागते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत ही मदत हेक्टरी १८,००० रुपये ठेवण्यात आली होती. म्हणून ‘पुष्कळ गाळ आला’ असे मोघम न लिहिता, खाचरात पाच-सहा ठिकाणी काठी रोवून थराची जाडी मोजावी व ती आकड्यांत लिहवून घ्यावी. तो गाळ पुराचा आहे की कामावरच्या भरावाची माती आहे, हेही स्पष्ट नमूद व्हावे. भरावाची माती असल्यास ती दूर करण्याची मागणी काम करविणाऱ्या विभागाकडे करता येते. नुसता ‘गाळ’ असा शब्द लिहिल्यास ती बाजू लंगडी पडते. मुरमाची खडी, फुटक्या दगडाच्या कपच्या, कामावरच्या मातीचा तांबूस रंग या खुणा पहिल्या आठवड्यात ठळक दिसतात. पुढे चिखलणी झाली की त्या ओळखू येत नाहीत, यासाठी तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी लावणी थांबलेल्या खाचरावर त्वरित एकत्र जावे आणि मातीचा एक नमुना पिशवीत घालून, त्यावर गट क्रमांक व तारीख लिहून ठेवावी.