विहिरीचें आरोग्य तेंच घराचें आरोग्य

बैलानें वैरण टाकली तर आपण तत्काळ गुरांचा डॉक्टर बोलावितों. परंतु ज्या विहिरीचें पाणी सारें कुटुंब पितें, तिची प्रकृति कशी आहे हें विचारणारा शेतकरी विरळाच. याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या लहानपणीं, सुमारें १९७५ सालीं, आमच्या गांवीं पायविहीर होती. लोक पायऱ्या उतरून पाण्यांत उभे राहात व घागरी भरीत. त्या उन्हाळ्यांत आमच्या थोरल्या चुलत्यांच्या पायास फोड आला व त्यांतून दोऱ्यासारखा नारू निघूं लागला. तो रोज थोडा थोडा काडीवर गुंडाळावा लागे. तुटला तर पाय सुजे. मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, आणि चुलते बाजेवरच पडून राहिले. त्या वर्षीं आमची पेरणी उशिरा व दुसऱ्याच्या पाभरीनें झाली. गांव त्यास दैवाचा भोग म्हणे.

वास्तविक दोष पाण्याशीं वागण्याच्या आमच्या रीतीचा होता. रोगी जळजळ शमविण्यासाठीं पाय पाण्यांत बुडवितो, तोंच नारूची मादी हजारों पिलें पाण्यांत सोडते. तीं पिलें सायक्लॉप्स नांवाचे बारीक जीव गिळतात, आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर ते माणसाच्या पोटांत जातात. वर्षानें नारू बाहेर पडतो. रोग्यास देण्याजोगें औषध नव्हतें, लसहि नव्हती. पाणी गाळणें, पायऱ्या बंद करून कठडा बांधणें, पाण्यांतील सायक्लॉप्स मारणें, अशा उपायांनींच रोग हटला. शेवटचा रोगी १९९६ सालीं राजस्थानांत आढळला, व २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला.

परंतु नारू गेला म्हणजे विहीर निरोगी झाली, असें समजूं नये. पिकानें न घेतलेलें नत्र नायट्रेटच्या रूपानें जमिनींतून झिरपून विहिरींत उतरतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. तान्ह्या मुलाच्या वरच्या दुधांत असें पाणी पडल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व अंग निळें पडतें. हा दोष डोळ्यांस दिसत नाहीं, फडक्यानें गाळला जात नाहीं, आणि उकळल्यास पाणी आटून अधिकच वाढतो. म्हणून त्याचा बंदोबस्त शेतांतच केला पाहिजे.

युरिया एकदम न टाकतां हप्त्यांनीं द्यावा. उकिरडा व संडासाचा खड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास असावा. ओढ्याकांठीं गवताचा पट्टा राखावा. वाहून येणारी माती व खत तो अडवितो. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेंत तपासून घ्यावा.

महसूल खात्यांत लेखनिक असतांना आम्हीं सातबारावरील विहिरींच्या नोंदी असंख्य वेळां पाहिल्या. विहीर आहे कीं नाहीं, एवढेंच तेथें कळतें. तिचें पाणी पिण्यास योग्य आहे कीं नाहीं, यास रकाना नाहीं. तो रकाना प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या घरच्या वहींत आंखावा व दरवर्षीं भरावा, एवढीच विनंति.