पेच कोणाच्या निर्णयाने सुटतो?

स्त्रीने आणि पुरुषाने कसे वागावे यासंबंधी समाजाने घालून दिलेल्या अपेक्षांना लिंगभाव म्हणतात, आणि याच अपेक्षा पात्राच्या स्वभावाचा विचार न करता त्याच्यावर लादल्या गेल्या की साचेबद्ध प्रतिमा तयार होते. मराठी चित्रपटांतील अशा प्रतिमांची चर्चा बहुधा नायिकेचा पोशाख, शिक्षण किंवा धिटाई यांपाशीच थांबते. परंतु कथेतील पेच अखेर कोणाच्या निर्णयाने सुटतो आणि दुःखाचा दोष कोणाच्या माथी येतो, हे पाहिले तर साचा अधिक स्पष्ट दिसतो.

‘प्रभात’च्या १९३७ सालच्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी रंगवलेली नीरा काकासाहेब या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लावलेले लग्न मानण्यास ठाम नकार देते, आणि त्या काळाचा विचार करता हे बंड आजही थक्क करणारे आहे. तिच्या नकारानेच काकासाहेबांचे डोळे उघडतात हे खरे. तथापि तिची सुटका होते ती त्यांना उपरती होऊन ते स्वतःचे जीवन संपवतात म्हणून, कारण तिने स्वतः घराबाहेर पाऊल टाकण्याची वाट कथेला त्या वेळी सापडली नव्हती. ही वाट १९८२ मध्ये जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने दाखवली. स्मिता पाटील यांची सुलभा स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून काम करून घरी परतते, पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते आणि ती पुन्हा घर सोडते. तिला अडवायला वा वाचवायला दिग्दर्शकाने कोणालाही पाठवलेले नाही.

म्हणून नऊ वर्षांनी आलेल्या ‘माहेरची साडी’चे अफाट यश विचारात पाडते. अलका कुबल यांच्या सोशिक नायिकेवर प्रेक्षकांतील स्त्रियांनी मनापासून अश्रू ढाळले, आणि त्या अश्रूंना हसणे सोपे असले तरी योग्य नाही, कारण सासरचा जाच त्यांच्या अनुभवातला होता. मात्र त्या जाचाचा चेहरा म्हणून चित्रपटाने पुढे केली ती खाष्ट सासू, त्यामुळे व्यवस्थेचे पाप एका बाईच्या खात्यावर जमा झाले. ‘सैराट’मधील (२०१६) आर्ची बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते, प्रियकर परशापेक्षा अधिक निर्भयपणे बोलते; तरीही तिच्या आयुष्याचा अखेरचा निकाल तिच्या माहेरची माणसेच लावतात. येथे दिग्दर्शक नागराज मंजुळे साचा चालवत नाहीत, तर जातीच्या प्रतिष्ठेसाठी मुलीवर मालकी सांगणारी पुरुषसत्ता, म्हणजे पुरुषांच्या हाती अधिकार ठेवणारी समाजरचना, उघडी करतात.

पुरुषांसाठीचा साचा याहून कमी चर्चेत येतो, आणि तो पाहण्यासाठी पुरुषाने नेसलेल्या साडीइतकी चांगली जागा नाही. संगीत नाटकांतील नट बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतील वेशभूषेचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत असत, म्हणजे रंगभूमीवर पुरुषाचे स्त्री होणे हा मान होता. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये सचिन पिळगांवकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे भाड्याच्या जागेसाठी बायका बनतात तेव्हा प्रेक्षक निर्धास्त हसतो, कारण ही साडी केव्हाही उतरणार असल्याची त्याला खात्री असते आणि आतल्या पुरुषाविषयी शंकेला जागाच नसते. (या विनोदाची धार अजून बोथट झालेली नाही, हेही कबूल करायला हवे.) आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या, २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘नटरंग’मध्ये ही खात्रीच काढून घेतली जाते. कुस्तीने कमावलेल्या शरीराचा शेतमजूर गुणा, तमाशाच्या फडाला नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष नर्तक, मिळत नाही म्हणून, स्वतःच्या मर्जीने ती बायकी भूमिका पत्करतो, आणि मग मंचावर टाळ्या देणारे गाव मंचाखाली त्याच्या पौरुषाची टिंगल करू लागते, त्याच्यावर अत्याचार होतो, घरचे दार त्याला बंद होते. निर्णय येथे सर्वस्वी नायकाचा असतो. पण पुरुषाने बाईसारखे दिसण्याचा निर्णय घेतला तर पुरुष म्हणून मिळणारे संरक्षण त्याला उरत नाही, ही गोष्ट अतुल कुलकर्णी यांचा गुणा कोणत्याही नायिकेइतक्याच किमतीला शिकतो.