हत्यार आणि हात – भाग ६ : चिऱ्याचा गडगा आणि पाण्याची धार

श्रावण संपत आला होता, गणपती दहा दिवसांवर. कुडाळजवळच्या एका वाडीत वर्षभर बंद असलेलं घर धुवायचं काम मला मिळालं होतं. धुण्याचं हाय प्रेशर मशीन घेऊन जेमतेम तीन महिने झाले होते. अंगण, पायऱ्या, तुळशीवृंदावनाचा चौथरा आणि समोरचा चिऱ्याचा लांबलचक गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत. पावसाने सगळं हिरवं-काळं करून टाकलेलं. मी पिवळं नोझल लावलं, गन वीतभर अंतरावर धरली आणि ट्रिगर दाबला. शेवाळ उडालं, खालचा तांबडा चिरा उघडा पडला. असं काही डोळ्यांसमोर घडताना बघितलं की हात थांबत नाही. पाच मिनिटांत दाराएवढा भाग लख्ख झाला.

शेजारच्या काकी चहा घेऊन आल्या. त्यांनी कप गडग्यावर ठेवला आणि धुतलेल्या चिऱ्यावरून बोटं फिरवली. मग माझा हात धरून माझीही बोटं तिथे टेकवली. दगडावर नांगरल्यासारख्या सऱ्या उठल्या होत्या. पायाशी तांबडा चिखल साचला होता, तो मी मळ समजत होतो. तो चिरा होता. काकी एवढंच म्हणाल्या, "अरे, ह्यां काय केलंस?"

चिरा म्हणजे जांभा दगड; तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो. उघड्या हवेत वर्षानुवर्षं राहिल्यावर त्याच्या अंगावर कठीण साल धरते. ती साल मी पाच मिनिटांत सोलून काढली होती. आतला दगड मऊ आणि छिद्राछिद्रांचा. तो पाणी जास्त पितो, आणि पाणी पिणाऱ्या दगडावर पुढच्या पावसात शेवाळ आणखी जोमाने येतं. म्हणजे पैसे घेऊन मी त्या गडग्याचं आयुष्य कमी केलं होतं.

गेल्या आठवड्यात मशीन विकत घ्यायचं की भाड्याने आणायचं, याचा हिशोब पाहिला. आज मशीन काय करतं आणि काय करू नये, ते पाहू.

दुकानात गेलात की पहिला आकडा बारचा सांगतात. दीडशे बार, दोनशे बार. एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, त्यामुळे पीएसआयमध्ये सांगितलं की आकडा आणखीच भारदस्त वाटतो. धंद्यासाठी मशीन घेणाऱ्याने आधी दुसरा आकडा विचारावा : मिनिटाला लिटर किती? दाब मळाला दगडापासून सुटा करतो, पण सुटलेला मळ वाहून नेतं ते पाणी. आठ लिटरच्या मशीनने अंगण धुताना निम्मा वेळ तोच चिखल इकडून तिकडे ढकलण्यात जातो. पंधरा लिटरच्या मशीनने तो एका झटक्यात गटाराकडे पळतो.

दोन्ही आकडे मोटरशी बांधलेले असतात. बार गुणिले लिटर, भागिले सहाशे, की पाण्यात उतरलेली ताकद किलोवॅटमध्ये मिळते. दोनशे बार आणि पंधरा लिटर म्हणजे पाच किलोवॅट. पंपातली घट धरली तर साडेसात एचपीची मोटर हवी, आणि तिला थ्री फेज. घरगुती सिंगल फेजवर चालणाऱ्या तीन एचपीच्या मशीनकडून १३० बारला आठ लिटरच्या आसपासच अपेक्षा ठेवावी. तेवढ्याच मोटरवर कोणी 'दोनशे बार, पंधरा लिटर' छापलं असेल तर ते मशीन घेऊ नका. वाड्यावस्त्यांवर थ्री फेज सहज मिळत नाही, म्हणून आमच्याकडे पेट्रोल इंजिनचं मशीन जास्त उपयोगी पडतं. आवाज होतो, धूर होतो, पण वायर ओढावी लागत नाही. विजेवरचं मशीन असेल तर ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी आणि खरं अर्थिंग असल्याशिवाय ते चालू करायचं नाही. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून गन मारणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि ते पाहून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

पंप बघताना फेऱ्या विचारा. घरगुती मशीनचा पंप मिनिटाला २८०० फेऱ्यांनी पळतो. धंद्याच्या मशीनला क्रँकवर चालणारे तीन सिरॅमिक प्लंजर असतात आणि पंप १४०० च्या आसपास फिरतो. सावकाश फिरणारा पंप कमी तापतो, त्याचं पॅकिंग किट बदलता येतं, तेल बदलता येतं. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्या.

पंप मरतो तो बहुधा दोन कारणांनी. पहिलं कारण गप्पा. ट्रिगर सोडला की मशीन चालूच असतं आणि अनलोडर व्हॉल्व्ह तेच पाणी पंपाच्या डोक्यात गोल गोल फिरवतो. घरमालक बोलायला आले, तुम्ही पाच-सात मिनिटं उभे राहिलात, की ते पाणी कढतं आणि सील जळतात. बोलायचं असेल तर मशीन बंद करून बोला. दुसरं कारण तहान. अर्ध्या इंची नळाला मिनिटाला दहा लिटर येत असतील आणि पंप पंधरा मागत असेल, तर तो पाण्याबरोबर हवा ओढतो, आत बुडबुडे फुटतात आणि धातू कुरतडला जातो. कामावर गेलो की मी आधी वीस लिटरची बादली नळाखाली ठेवतो आणि मोबाईलवर सेकंद मोजतो. ८० सेकंदांच्या आत भरली तर नळ थेट जोडतो. नाहीतर मध्ये ५०० लिटरची टाकी आणि तिच्या तोंडाला जाळीचा फिल्टर. विहिरीच्या पाण्यात बारीक रेती असतेच.

आता नोझल, कारण माझी चूक तिथे झाली. रंग जगभर सारखे आहेत : लाल शून्य अंशांचं, पिवळं पंधरा, हिरवं पंचवीस, पांढरं चाळीस, आणि काळं साबण मारायला, बिनदाबाचं. अंश म्हणजे धार किती पसरते ते. हिरव्या नोझलची धार हातभर नव्हे, फूटभर अंतरावर तेरा सेंटिमीटर रुंद होते. तीच गन दहा सेंटिमीटरवर आणली की रुंदी उरते साडेचार. पाणी तेवढंच, ताकद तेवढीच, पण ती एक तृतीयांश जागेत कोंबली गेली. यंत्रावरचा आकडा बदलत नाही आणि दगडावरचा मारा मात्र तिप्पट होतो. म्हणून नव्या मुलाला मी बार शिकवत नाही, अंतर शिकवतो. लान्सच्या, म्हणजे गनच्या लांब नळीच्या, टोकाला फूटभर लांबीची काडी बांधून देतो. काडी भिंतीला टेकली की त्याच्या आत जायचं नाही. दोन दिवसांत हाताला अंतर कळतं. लाल नोझल मी पेटीतून काढूनच टाकलं.

नोझल झिजतं हेही लक्षात ठेवा. भोक दहा टक्क्यांनी मोठं झालं तर दाब सतरा टक्क्यांनी उतरतो. 'मशीन म्हातारं झालं' म्हणून लोक पंप उघडतात, आणि दोष काहीशे रुपयांच्या नोझलात असतो.

पण चिऱ्याच्या गडग्यासाठी मुळात दाबाची गरजच नव्हती. शेवाळ ही जिवंत गोष्ट आहे. धारेने ते कापलं जातं, मुळाशी चिकटलेला भाग छिद्रांत जिवंत राहतो. आधी ते मारायला हवं, मग साध्या नळाच्या पाण्यानेही निघतं. त्यासाठी आमच्याकडे हायपो वापरतात, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ताजा कॅन दहा-बारा टक्क्यांचा असतो. भिंतीसाठी एक टक्का पुरतो : दहा टक्क्यांच्या एका भागाला नऊ भाग पाणी. उन्हात पडलेला कॅन महिन्या-दोन महिन्यांत बराच बळ गमावतो, म्हणून विकत घेतल्याची तारीख कॅनवर लिहून ठेवा आणि सावलीत ठेवा.

आधी झाडं साध्या पाण्याने भिजवायची : जास्वंद, अबोली, कुंडीतली तुळस. पाण्याने भरलेलं पान आणि माती हायपो कमी शोषते. मग फवारणी खालून वर, म्हणजे कोरड्या दगडावर ओघळांचे पट्टे उठत नाहीत. दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं आणि दगड सुकू द्यायचा नाही. काळे ओघळ आधी तपकिरी होतात, मग फिके पडतात. तेवढ्या वेळात धार मारायचा मोह आवरायचा. नंतर पांढरं नोझल, दोन-तीन फुटांवरून नुसतं खळखळून धुणं, आणि झाडांना पुन्हा पाणी. विहिरीच्या कठड्याजवळ हायपो अजिबात नाही. तिथे काथ्याचा ब्रश आणि हात.

फवारणीला आंब्यावर मारायचा बॅटरी पंप चालतो, पण तो फक्त याच कामाला ठेवा. कीटकनाशक मारलेल्या पंपात हायपो ओतू नये, आणि हायपोचा पंप पुन्हा मोहोरावर नेऊ नये. टाइल धुवायचं ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. माझ्या गाडीत हे दोन कॅन एकाच फेरीला कधीच नसतात.

तेलकट मळाला मात्र वेगळं औषध : गरम पाणी. जर्मनीतल्या कार्चर कंपनीने १९५० साली युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं हाय प्रेशर मशीन काढलं; या कामात तशा मशीनला आजही तोड नाही. याच कंपनीने २००५ मध्ये अमेरिकेतल्या माउंट रशमोरवरचे राष्ट्राध्यक्षांचे दगडी चेहरे धुतले, तेही कुठलंही रसायन न घालता, गरम पाण्याने. गॅरेजची फरशी, हॉटेलचं स्वयंपाकघर अशी कामं वर्षभर मिळणार असतील तरच त्या मशीनचा खर्च उचला. आमच्यासारख्या शेवाळाच्या मुलखात ते पहिल्या दिवशी नको.

त्याऐवजी पहिल्या वर्षीच सरफेस क्लीनर घ्या. ताटासारखं झाकण, आत फिरणारा दांडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना नोझल. अंतर कायम सारखं राहतं म्हणून पट्टे उठत नाहीत. दोन्ही नोझलांची भोकं मिळून गनच्या एका नोझलाएवढी हवीत, नाहीतर दाबच धरत नाही. हजार चौरस फुटांचं काँक्रीटचं अंगण गनने दिवस खातं, याने माझे दोन तास जातात. पेव्हर ब्लॉक असतील तर सांध्यांतली रेती निघणार, ती परत भरून देण्याचे पैसे आधीच सांगून ठेवा. जुन्या चुन्याच्या सांध्यांच्या भिंतीला आणि सोलर पॅनेलला मशीन लावायचं नाही, मालकाने कितीही आग्रह केला तरी.

पंधरा लिटरच्या मशीनला दोन तासांना १८०० लिटर पाणी लागतं. श्रावणात विहीर काठोकाठ असते, तेव्हा कोणी विचारत नाही. एप्रिल-मेमध्ये मी अंगणाची कामं घेत नाही. ज्या वाडीत बायका कळशीने पाणी आणतात तिथे मी गन कशी चालवू?

आणखी एक. धार हातमोजा भेदून कातडीत शिरू शकते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, रक्तही येत नाही, आणि आत बोट सडू लागतं. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हाय प्रेशर पाणी आत गेलंय.

त्या गडग्याचे पैसे मी घेतले नाहीत. उरलेला भाग काकींच्या देखत फवारणी करून धुतला. पुढच्या वर्षी त्यांनीच फोन केला. आता कुठल्याही नव्या घरी मी पायाजवळच्या, कोपऱ्यातल्या एकाच चिऱ्यावर आधी करून बघतो, मालकाला बोट फिरवायला सांगतो, आणि त्या एका चिऱ्याला लागलेला वेळ मोजून दर ठरवतो. दराचं गणित पुढच्या भागात.