हिशेब न मिटवणारे महाकाव्य

होमरच्या ‘इलियड’वर बेतलेल्या ‘ट्रॉय’ (२००४) या चित्रपटाची चर्चा निघाली की पहिली तक्रार हमखास देवांबद्दल असते. काव्यात अथीना अकिलीसचे केस धरून त्याला ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन याच्यावर तलवार चालवण्यापासून रोखते, ॲफ्रोडाइटी हरत आलेल्या ट्रॉयच्या राजपुत्राला, पॅरिसला, रणातून अलगद उचलून नेते. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन आणि पटकथाकार डेव्हिड बेनिऑफ यांनी हे देव जवळजवळ सगळे गाळले. मला ही तक्रार वरवरची वाटते. अकिलीसची आई थेटिस चित्रपटात आहेच. उथळ पाण्यात शिंपले वेचता वेचता ती मुलाला त्याचे भवितव्य सांगते, आणि एकही चमत्कार न दाखवता तो प्रसंग काव्याच्या फार जवळ जातो. चित्रपट काव्यापासून दुरावतो तो कोणाला मारायचे आणि कोणाला वाचवायचे, हे ठरवताना.

‘इलियड’चे २४ सर्ग, पंधरा हजारांहून अधिक ओळी, पण काळ केवढा, तर दहा वर्षांच्या युद्धाच्या अखेरच्या वर्षातले जेमतेम पन्नास दिवस. प्रारंभ अकिलीसच्या क्रोधाने, शेवट पॅरिसचा भाऊ हेक्टर याच्या अंत्यविधीने. लाकडी घोडा त्यात नाही, अकिलीसचा मृत्यू नाही, ट्रॉयचा पाडावही नाही. निकाल श्रोत्यांना ठाऊकच आहे, म्हणून कवी त्याच्याआधी थांबतो. चित्रपट मात्र मेनेलॉसची राणी हेलन पॅरिसबरोबर पळून जाते तिथपासून नगर जळेपर्यंत सारे सांगतो आणि वाटेत एकेकाचा हिशेब मिटवतो. मेनेलॉसला हेक्टर मारतो, आगामेम्नॉनला बंदिवान ब्रिसीस सुरीने भोसकते, पॅरिस जिवंत राहतो, हेलन निसटते. ग्रीक परंपरेत मेनेलॉस हेलनला घेऊन स्पार्टाला परततो. ‘ओडिसी’त ती दोघे आपल्या महालात पाहुण्यांचे स्वागत करताना दिसतात. आगामेम्नॉन विजयी होऊन घरी जातो आणि तिथे बायकोच्या कटात मरतो. एस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी (इ.स.पू. ४५८) त्याच मरणातून उभी राहिली.

परंपरा बदलण्याचा हक्क कलावंताला नाही का, असे कोणी विचारील. आहे, निःसंशय आहे. युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये ‘हेलन’ हे नाटक रचले, त्यात ट्रॉयला गेली ती तिची नुसती छाया. खरी हेलन इजिप्तमध्येच होती. या बदलाने युद्ध अधिक भीषण झाले, कारण इतकी माणसे एका छायेपायी मेली. ‘ट्रॉय’मधले बदल उलट दिशेने जातात. दुष्टांना शासन होते आणि प्रेक्षकाच्या मनावरचा भार उतरतो. सज्जनांनाही असेच घासूनपुसून घेतले आहे. चित्रपटातला हेक्टर अकिलीसच्या जिवलग पॅट्रोक्लसला अकिलीस समजून चुकून मारतो. काव्यातला हेक्टर तो कोण हे ओळखून मारतो, मरणाऱ्याला हिणवतो आणि त्याचे चिलखत उतरवून स्वतः चढवतो. पुढे अकिलीस समोर येताच तो घाबरून नगराभोवती तीन फेऱ्या पळतो. हा पळणारा हेक्टर पडद्यावर नाही, आणि मला तरी तोच जास्त मोठा वाटतो. भीती काय असते हे कळल्यावर तो थांबतो आणि लढतो. अकिलीसने पॅट्रोक्लसच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी दिला, तेही चित्रपटाने वगळले.

सर्वांत मोठे नुकसान ब्रिसीसचे झाले. चित्रपटात ती अपोलोची पुजारीण आणि अकिलीसची प्रेयसी आहे. काव्यात ती युद्धात लुटून आणलेली विधवा आहे. तिच्या नवऱ्याला अकिलीसनेच मारले, तिचे तीन भाऊ त्याच दिवशी पडले. एकोणिसाव्या सर्गात ती पॅट्रोक्लसच्या प्रेतावर कोसळते, कारण त्या छावणीत तिच्याशी मायेने वागणारा तोच होता. भोवतालच्या बंदिवान स्त्रियाही रडतात, वरवर पॅट्रोक्लससाठी, खरे तर प्रत्येक जणी आपापल्या दुःखासाठी. गांधारीचा विलाप सांगणारे महाभारतातले ‘स्त्रीपर्व’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना या जागेचे मोल सांगावे लागणार नाही. अशा स्त्रीच्या हाती सुरी देऊन राजाचा सूड घेववला, की तिच्या दुःखाला एक सोयीचे उत्तर मिळते. होमर तिला कोणतेच उत्तर देत नाही.

खर्चिक चित्रपटाला सर्वसामान्य प्रेक्षक धरून ठेवावा लागतो, त्याला समाधानाचा शेवट लागतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्याचे उत्तर याच चित्रपटात आहे. हेक्टरचा बाप, राजा प्रायम, रात्री एकटा अकिलीसच्या तंबूत येतो, मुलाला मारणाऱ्या हातांचे चुंबन घेतो आणि प्रेत मागतो. पीटर ओटूल आणि ब्रॅड पिट यांचा हा प्रसंग चोविसाव्या सर्गाशी बराच प्रामाणिक आहे. त्यात लढाई नाही, सूड नाही, न्यायही नाही. अंत्यसंस्कारासाठी बारा दिवसांची मुदत आहे, आणि त्यानंतर युद्ध पुन्हा सुरू होणार हे दोघांनाही माहीत आहे. चित्रपटाचा कळस तोच आहे, आणि तिथे प्रेक्षकाला कसलेही समाधान देऊ केलेले नाही. २००७ साली पीटरसनने चित्रपटाची नवी आवृत्ती काढली, ती सुमारे अर्ध्या तासाने मोठी आहे. तिच्यात नगराच्या विध्वंसाची क्रूरता वाढली. पण आगामेम्नॉन तिथेही ब्रिसीसच्याच सुरीने मरतो, आणि पॅट्रोक्लसवरच्या तिच्या विलापाला त्या अर्ध्या तासातही जागा मिळालेली नाही.