तारेऐवजी करवंद

चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची जत्रा भरते, तेव्हा गणेशपुरीच्या आसपासच्या डोंगरांवर करवंदाच्या जाळ्या पिकायला लागलेल्या असतात. गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ आणि नित्यानंद महाराजांच्या समाधीचं दर्शन उरकून निघालेले भाविक वाटेत थांबतात ते आदिवासी बायांनी पानांच्या द्रोणात मांडलेल्या ‘डोंगरच्या काळ्या मैने’पाशी. पोरं एकेक करवंद दातांनी तोडून आत बघतात: लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी!

ही करवंदं कुणी लावलेली नसतात. पण लावता येतात, आणि शेतघराभोवती काटेरी तार ओढणाऱ्यांनी तर ती लावावीतच. करवंद बारा महिने हिरवं राहतं. जोडीजोडीने येणारे त्याचे कडक काटे आणि पान तोडताच गळणारा चीक यांमुळे गुरं त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. कातळावर, मुरमाड उतारावर ते तग धरतं. पाणी साचणारी जागा मात्र त्याला मानवत नाही.

खरी गोम बियांची. गोड, मोठ्या फळांची जाळी उन्हाळ्यातच हेरून ठेवावी. पिकलेल्या फळांतलं बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशव्यांत पेरावं. डब्यात जपून ठेवलेलं बी फारसं उगवत नाही. रोपं वर्षभर वाढवून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला, कुंपणासाठी तीनेक फुटांवर लावावीत. बियांची रोपं आईसारखीच निघतील याचा भरवसा नाही. तसा हवा असेल तर गुटी कलम बांधावं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जातही आहे. पहिली एक-दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं लागतं, नंतर झाड आपलं आपण बघतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास फळ धरू लागतं.

हौशी माळ्याला मात्र आवरावं लागतं. करवंदाची पांढरी, सुवासिक फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. वर्षभर कातरी चालवली तर कुंपण देखणं दिसेल, द्रोण रिकामाच राहील. छाटणी करायची ती फळं उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला.

फळंही सगळी पिकू देऊ नयेत. कच्च्यांचं लोणचं होतं, आणि त्यांत पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली छान जमते. बेकरीतल्या केकवर मिरवणारी लालभडक ‘चेरी’ही पुष्कळदा रंगवून पाकात मुरवलेलं कच्चं करवंदच असते.