खोटं भूत, खरी धडधड

१९९३ साली महाराष्ट्राला दोनदा धडकी भरली. एकदा महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मुळे. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू पडद्यावर हलू लागला की पोरं आईच्या पदरात तोंड लपवत आणि पदराच्या फटीतून पुन्हा बघत. दुसऱ्यांदा ३० सप्टेंबरला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे नुकतीच आडवी झाली होती. सास्तूर, किल्लारी आणि आसपासच्या गावांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली.

पहिली भीती आपण आजही मागून घेतो. ‘झपाटलेला’ टीव्हीवर लागला की हातातले काम बाजूला ठेवून बसणारी घरे आहेत. दुसरी भीती कुणी मागणार नाही. आणि तरीही पहिल्या क्षणी शरीराला या दोन्हींतला फरक कळत नाही.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची घंटा वाजवणे हे त्याचे मुख्य काम. खरे-खोटे तपासत बसायला त्याला वेळ नसतो. दार करकरले, सावली हलली की ॲड्रेनलिन रक्तात उतरते, ठोके वाढतात, बाहुल्या विस्फारतात, अंगावर काटा येतो. भीतीने रक्त गोठले असे आपण म्हणतो, त्यातही थोडे तथ्य निघाले. नेदरलँड्समधील लायडनच्या डॉक्टरांनी २४ निरोगी तरुणांना एकदा भयपट आणि एकदा शॅम्पेन कशी बनते याचा माहितीपट दाखवला आणि प्रत्येक वेळी आधी व नंतर रक्त तपासले. भयपटानंतर रक्त गोठण्यास मदत करणारा ‘फॅक्टर ८’ वाढलेला आढळला. प्रत्यक्ष गुठळी होत असल्याची खूण मात्र कुणाच्या रक्तात नव्हती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास २०१५च्या नाताळ अंकात छापला. या अंकात हसत वाचायचे, पण चोख केलेले संशोधन येते. जखम होण्याआधीच रक्तस्राव थांबवण्याची तयारी ठेवायची, ही शरीराची जुनी सवय पडद्यावरच्या भुतासाठीही मोडत नाही.

मग मजा कुठून येते? ती कपाळामागच्या मेंदूकडून येते. घंटा वाजल्यावर क्षणभराने तो चौकशी करतो आणि कळवतो, की आपण खुर्चीत आहोत, शेजारी भाऊ चिवडा खातोय, घाबरण्याचे कारण नाही. ठोके मात्र लगेच उतरत नाहीत. ती उरलेली धडधड सुटकेच्या आनंदात मिसळते आणि आनंदच मोठा वाटतो. डेन्मार्कमध्ये वायले गावाजवळच्या एका भुताच्या घरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे बांधून फिरवले गेले. फारच कमी घाबरलेल्यांना कंटाळा आला, फार घाबरलेल्यांनाही मजा आली नाही. मधल्यांनी सर्वाधिक आनंद लुटला. लवंगी मिरचीसारखेच हे. जीभ पोळली पाहिजे, पण पाण्याचा तांब्या हाताशी हवा.

हा तांब्या रामसे बंधूंनी नेमका ओळखला होता. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा चित्रपट त्यांनी महाबळेश्वरला मोजक्या माणसांत उरकला, आणि तिथून पुढे धुके, हवेली आणि रबरी मुखवटे यांचा कारखानाच सुरू झाला. ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) सामरी नावाचा राक्षस माणसे मारत असतो आणि मध्येच जगदीप येऊन ‘शोले’ची नक्कल करून जातो. समीक्षकांनी याला भेसळ म्हटले. शरीराच्या दृष्टीने ती दम खाण्याची जागा होती. नाडी जरा उतरल्याशिवाय पुढचा दचका बसत नाही.

यातले बरेच चित्रपट आज हसण्यासाठी पाहिले जातात. मुखवट्याची शिवण दिसते, प्रेत श्वास घेताना दिसते. धोका वाटावा आणि त्याच क्षणी तो पोकळ निघावा, की हसू येते; विनोदाची ही एक मान्य उपपत्ती आहे. म्हणजे भीती आणि हसू एकाच घरात राहतात, दार तेवढे वेगळे. फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेने २०१६ मध्ये टुकार सिनेमाच्या चाहत्यांचा अभ्यास केला. त्यात बहुतेक जण सरासरीपेक्षा अधिक शिकलेले आणि उत्तम चित्रपटही आवडीने पाहणारे निघाले. टुकार सिनेमा आवडतो म्हणून घरात कुणाची अक्कल काढू नये.

एका गोष्टीला मात्र हसू नये. १९४०च्या दशकात हॉलिवूडने राँडो हॅटन या नटाला मेकअपविना राक्षस म्हणून मिरवले. त्याचा चेहरा तसा झाला होता तो ॲक्रोमेगालीने, म्हणजे पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक जास्त स्रवल्याने. १९४६ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी तो गेला. आज या आजारावर शस्त्रक्रिया आणि औषधे आहेत. अंगठी घट्ट होणे, चपलेचा नंबर वाढणे, जबडा पुढे येणे, अशा सुरुवातीच्या खुणा दिसल्या तर रक्त तपासून घ्यावे.

आता पुन्हा सास्तूरकडे. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘अर्थक्वेक’ नावाचा चित्रपट आला. त्यासाठी थिएटरांत अवाढव्य स्पीकर बसवले होते. त्यांच्या खर्जातल्या आवाजाने खुर्च्या थरथरत आणि लोक त्या थरथरीचे पैसे मोजत. सास्तूरच्या पट्ट्यात हाच आवाज लोकांनी जमिनीखालून ऐकला आहे. मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षीही हादरे बसत होते, गुडगुड ऐकू येत होती. वाचलेल्या काही जणांची महिन्याभराने तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिकांत मानसिक आजार आढळले. त्यांत मुख्यतः आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य. या विकारात घंटा अडकून बसते. कपाळामागचा मेंदू ‘हे खोटे आहे’ असे सांगत राहतो आणि ते खाली पोचतच नाही. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज चाळिशीत आहेत. घरात नातवाने होम थिएटरवर भयपट लावला आणि आजी उठून अंगणात गेली, तर ती सिनेमाला भीत नाही. तो खर्ज तिच्या ओळखीचा आहे. आवाज कमी करावा, आणि ‘एवढं काय त्यात’ हे वाक्य गिळावे. भीतीची सवय लावून भीती घालवण्याचे उपचार आहेत, पण ते प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, मात्रा ठरवून करायचे असतात. सोफ्यावर जबरदस्तीने बसवून ते होत नाहीत.

कोरोनाकाळात ३१० जणांच्या एका पाहणीत भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास कमी झाल्याचे दिसले. पण भयपटांनी त्यांना कणखर केले, की मुळात कणखर माणसेच भयपट पाहतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. त्यामुळे औषध म्हणून कुणी ‘वीराना’ लिहून देणार नाही.

सात-आठ वर्षांखालील मुलांना पडद्यावरचे खोटे आहे हे सांगून फारसे पटत नाही. त्यांच्यासाठी रिमोट आणि चालू दिवा कामाचा. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारून पाहावे. आणि चित्रपट संपल्यावरही झोप उडालेली राहिली, जुनी घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागली, बंद खोलीत जीव घाबरू लागला आणि हे महिनाभर टिकले, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे. तिथवर जाणे जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.